बांधापलीकडचा खुंटा

शेळगावात बांधावर पांढरी फक्की दिसली की लोक तिचा एकच अर्थ लावतात. लग्नाच्या मांडवाला फक्की लागते, कबड्डीच्या मैदानाला लागते, पण बांधावरची फक्की म्हणजे मोजणी. म्हणजे भूमापक येणार, हद्दीचे दगड बसणार आणि त्यानंतर दोन घरं एकमेकांच्या दारावरून जाताना आभाळाकडं बघत जाणार. रामहरीला हे ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. साठी ओलांडलेला माणूस, जन्म त्याच गावातला. पण त्या सकाळी त्याच्या डोक्यात टॉवर इतका भरला होता की दुसऱ्या कशाला तिथं जागाच नव्हती. त्यानं टेप ओढला, कोन काढला, मुठीतून फक्की सोडत बांधाच्या बरोबर मध्यावर एक गोल काढला आणि खूश होऊन हात झटकत घरी गेला.

संध्याकाळी त्याची बायको छबूबाई डेअरीवर दूध घालून आली ती किटली आपटतच.

“मोजणी मागवलीया म्हणं तुमी.”

“कुणी सांगितलं?”

“कुणी न्हाय सांगितलं त्ये इचारा. दगड कुठं बसणार त्ये बी लोकांनी ठरवून टाकलंय.”

रामहरी हसला. मग त्याला बांधावरचा गोल आठवला, आणि बांधापलीकडं कुणाचं रान आहे तेही आठवलं. हसू आलं तसं गेलं.

आता हा टॉवरचा काय प्रकार, ते सांगितलं पाहिजे. रामहरीनं उमेदीची वर्षं फौजेत, सिग्नलमध्ये काढली. परत येऊन त्यानं डाळिंबाची बाग लावली, पण कानाला जडलेली रेडिओची सवय सुटेना. पुण्याला जाऊन परीक्षा दिली, हौशी रेडिओचं लायसन्स काढलं आणि माडीवरच्या खोलीत संच मांडला. मोबाईलच्या जमान्यात ह्याची गरज काय, असं कुणी विचारलं की तो त्याला बसवून घ्यायचा, चहा पाजायचा आणि जेवणवेळ होईपर्यंत सांगत राहायचा. त्यामुळं तोच माणूस दुसऱ्यांदा विचारत नसे. रोज सकाळी हवेवर मराठी मंडळींची गप्पांची बैठक भरे. सांगली, नगर, नांदेड, कुठकुठले लोक येत. रामहरीची अँटेना म्हणजे गच्चीवरच्या पाइपापासून लिंबाच्या झाडापर्यंत ताणलेली एक तार. तिच्यावर त्याला सगळ्यांचं ऐकू यायचं, पण त्याचं कुणाला नीट ऐकू जायचं नाही. सांगलीचे एक डॉक्टर म्हणायचे, “रामहरीराव, आज विहिरीच्या तळातनं बोलताय का?” मंडळी हसायची. रामहरीही हसायचा, पण त्याला ते लागायचं.

म्हणून टॉवर. पन्नास फुटांचा, तीन पायांचा, जाळीदार. बारामतीच्या एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपात त्यानं दहा-दहा फुटांचे पाच तुकडे करवून आणले होते. ते गोठ्याशेजारी आडवे पडले होते आणि छबूबाई त्यांच्यावर गोधड्या वाळत घालत होती. सगळं गणित रोहिणीनं करून दिलं होतं. रोहिणी म्हणजे त्याची लेक. बारामतीला पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची, आणि बापाचं वेड तिच्यातही पुरेपूर उतरलं होतं.

असा टॉवर नुसत्या पायावर उभा राहत नाही. त्याला तीन बाजूंनी पोलादी दोर लागतात, त्यांना ही मंडळी ताण म्हणतात. ताणाचं खालचं टोक जमिनीत पुरलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्याला बांधायचं. तो खुंटा. असे तीन खुंटे, एकमेकांपासून सारख्या कोनात, टॉवरपासून चांगले पस्तीस फूट लांब. रामहरीनं हिशेब मांडला तेव्हा एक खुंटा डाळिंबात आला, दुसरा गोठ्यामागं आला आणि तिसरा गेला बांधापलीकडं. त्यानं टॉवरची जागा इकडं सरकवली, तिकडं सरकवली. मग पहिला घरात शिरला आणि दुसरा रस्त्यावर गेला. काही केलं तरी एक खुंटा म्हस्कूच्या रानात जायचाच. शेवटी ओढूनताणून त्यानं तो बांधाच्या मध्यावर आणला आणि तिथं फक्की टाकली.

म्हस्कू हा रामहरीचा सख्खा थोरला भाऊ. बाप लवकर गेला तेव्हा शाळा सोडून औताला लागलेला, आणि धाकट्याला शाळेत धाडलेला. आठ-नऊ वर्षांपूर्वी नांगरटीला आलेल्या भाड्याच्या ट्रॅक्टरनं दोघांमधला बांध जरासा खाल्ला. कुणाच्या बाजूनं खाल्ला, याबद्दल दोघांची दोन मतं होती. तेवढ्यावर दोन दिवस घुश्श्यात जाऊन भागलं असतं. पण रामहरी फौजी शिस्तीत बोलून गेला, “मोजणी मागवू. म्हंजी कुणी शंका नको घ्यायला.” म्हस्कूला ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं. ज्यानं हाताला धरून वाढवलं, त्याच्या इमानाला सरकारी माप लावायचं? मोजणी झाली, दगड बसले. फरक निघाला तो इतका की त्यात मेथीचा एक वाफाही झाला नसता. म्हस्कूनं त्या दिवशी दगडाकडं बघितलं, भावाकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. तेव्हापासून त्यानं रामहरीशी एक शब्द काढला नव्हता.

व्यवहार मात्र अडला नव्हता. पाटाच्या पाण्याची पाळी, गाईचं विणं, लग्नाची आवतणं, सगळं छबूबाई आणि म्हस्कूची बायको सारजा या दोन जावांच्या तोंडून इकडून तिकडं जायचं. त्या दोघींचं मेतकूट पहिल्यासारखंच होतं. नवऱ्यांचं भांडण त्यांनी नवऱ्यांकडंच ठेवलं होतं. रामहरीला मात्र भावाची सय यायची. सकाळी पलीकडून खाकरण्याचा आवाज आला की त्याचा हात चहाच्या कपावर थांबायचा. बोलावं, असं दर सणाला वाटायचं आणि दर सणाला राहून जायचं.

फक्की पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता म्हस्कूनं आपली बाज उचलून आणली आणि बांधाच्या कडेला बाभळीखाली, त्या पांढऱ्या गोलापासून चार हातांवर टाकली. वर घोंगडं अंथरलं, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला आणि तिथं मांडी घालून बसला. न्याहारी तिथं, जेवण तिथं, दुपारची झोपही तिथंच. येणारे-जाणारे विचारायचे, “आबा, हितं का?” म्हस्कू म्हणायचा, “वारं लागतंय.” तिथं वारं कसलं, पान हलत नव्हतं.

रामहरीनं बारामतीला फोन लावला.

“रोहिणी, तिसरा खुंटा जवळ घेतला तर? आपल्याच हद्दीत?”

“अण्णा, मग दोर फार उभा होतो. उभा दोर टॉवरला खाली दाबतो, बाजूनं धरत नाही. वावटळ आली की गेला.”

“बरं, मग बांधावर, फक्कीच्या जागी?”

“बांधावर चालंल. पण बांध तरी तुमच्या एकट्याचा कुठाय? तो सामाईक हाय. इचारा की आबांना.”

रामहरीनं फोन ठेवला. छबूबाई भाकरी थापता थापता ऐकत होती. ती म्हणाली, “नांदेडच्या माणसाशी बोलायला येवढं लोखंड हुभं करताय. पलीकडच्या बाजंवरल्या माणसाशी बोलायला काय लागतंय, त्ये बी एकदा लेकीला इचारून घ्या.” आणि तव्यावर भाकरी टाकली.

तो टोला बरोबर बसला. दोन दिवस रामहरीनं डाळिंबाला पाणी देण्यात, दिलेलं पुन्हा देण्यात आणि सुरू केलेलं बंद करण्यात घालवले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं धुतलेला शर्ट घातला आणि बांधाकडं निघाला. फौजेत बर्फात खांब उभे केले होते, त्यापेक्षा ही पन्नास पावलं त्याला जड गेली.

म्हस्कू बाजेवर बसून तंबाखू मळत होता. त्यानं वर बघितलं नाही.

“दादा,” रामहरी म्हणाला. इतक्या वर्षांनी तो शब्द त्याच्या तोंडातून निघाला होता. “ह्यो दगडाचा गोल न्हाय.”

म्हस्कू तंबाखू मळत राहिला.

“मोजणी न्हाय मागवली. टॉवर हुभा करायचाय. रेडिओचा. त्याला तिनी बाजूंनी दोर धरावा लागतो. दोन खुंटं माझ्यात बसत्यात, तिसरा बसंना. म्हणून हितं फक्की टाकली. माझं चुकलं, आधी इचारायला पायजे हुतं.”

एक साळुंकी बांधावर उतरली, दोघांकडं बघून उडून गेली.

“जत्रंच्या काठीला जसं दोर धरत्यात, तसं?” म्हस्कूनं विचारलं. विचारलं ते तळहातावरच्या तंबाखूला, पण विचारलं.

रामहरीचा जीव भांड्यात पडला. “व्हय. अगदी तसं. एका बाजूचा सुटला तर काठी दुसरीकडं जाती.”

गावच्या जत्रेत देवीची उंच काठी नाचवतात तेव्हा एका बाजूचा दोर वर्षानुवर्षं म्हस्कूच्या हातात असायचा. त्याला अधिक समजावून सांगायची गरज नव्हती. त्यानं तंबाखू तोंडात टाकली, हात झटकले आणि मान हलवली.

“बांधावर न्हाय बसायचा खुंटा.”

रामहरीचा चेहरा उतरला.

“बांध उंदरांनी पोखरलाय. पाटाचं पाणी आलं की फुगतो. काठी धरायची तर पाय रोवायला जागा घट्ट नको? माझ्या लसूणघासात घे, आत. तितं हातभर खाली मुरूम लागतो.”

म्हस्कूनं आता पहिल्यांदा त्याच्याकडं बघितलं.

“आन् इजंचं काय? त्या घासात माझ्या गाया असत्यात. पन्नास फूट लोखंड हुभं केलंस, ईज खाली उतरली तर?”

“पायाला तांब्याची पट्टी लावून जमिनीत सोडायची दादा. खोल खड्डा, कोळसा आन् मीठ घालून. तिन्ही खुंट्यांनाबी पट्टी लावायची. ईज आली तर त्या वाटंनं भुईत जाईल.”

“जाईल, का जाती?”

“मोजून दाखवतो की.”

तो शब्द तोंडातून गेला आणि रामहरीनं जीभ चावली. म्हस्कू बाजेवरून उठला, घोंगडं झटकून खांद्यावर टाकलं.

“मोज,” तो म्हणाला. “मोजण्यात हुशार हायेसच तू.” आणि बाज उचलताना पुढं म्हणाला, “हे बघ रामहरी. खुंट्यापुरतं बोललो. टॉवर हुभा ऱ्हायला की तुझं माझं जसं हुतं तसं. त्याच्यात बदल न्हाय.”

म्हणजे परवानगी मिळाली होती, भाऊ मिळाला नव्हता. रामहरी घरी आला तेव्हा छबूबाईनं चेहऱ्यावरून ओळखायचा प्रयत्न केला, पण तिला धड काही कळेना. तो हसतही होता आणि डोळेही पुसत होता. मघाच्या त्या चार वाक्यांनी त्याच्या तोंडाला अशी चव आली होती की टॉवर उभा राहायची घाई करावी की तो रेंगाळवावा, हेच त्याला कळत नव्हतं.

आधी अर्थिंग झालं. पुरुषभर खोल खड्डा, मध्ये तांब्याची पट्टी, भोवतीनं कोळशाचा आणि मिठाचा थर, वरून काळी माती आणि पाणी. दोन-चार दिवस बसू दिल्यावर रामहरीनं मोजायचं यंत्र काढलं. जमिनीचा विजेला होणारा विरोध मोजायचा तर दोन लोखंडी सळ्या खड्ड्यापासून लांब, एका रेषेत ठोकाव्या लागतात. वायर पसरत गेलं की लांबची सळई पुन्हा बांधापलीकडंच. रामहरी हातात सळई घेऊन बांधावर उभा राहिला. पलीकडं म्हस्कू घास कापत होता. त्यानं विळा खाली ठेवला, आला, रामहरीच्या हातातून सळई काढून घेतली आणि दगडानं स्वतःच ठोकली. रामहरी यंत्रावर वाकला.

“किती?” म्हस्कूनं लांबूनच विचारलं.

“आठ.”

“चांगलं का वाईट?”

रामहरीनं क्षणभर यंत्राकडं बघितलं. म्हस्कूला आठ काय आणि ऐंशी काय, सारखंच होतं. चांगलं म्हटलं असतं तर काम पुढं सरकलं असतं. “वाईट,” तो म्हणाला. “लई जास्त हाय. दोनाच्या आत पायजे. अजून खड्डं काढाय लागत्याल.”

म्हस्कूनं सळई उपटून त्याच्याकडं दिली. “चांगलं म्हणाला असतास तर मला काय कळणार हुतं?”

“म्हणून तर वाईट म्हणालो.”

म्हस्कू पुन्हा घासात गेला, पण विळा हातात घेऊन बराच वेळ नुसता उभा होता. आणखी दोन खड्डे खणून ते पट्टीनं एकमेकांना जोडल्यावर काटा दोनाच्या आत आला. तो आकडा रामहरीनं बांधावरून ओरडून सांगितला, आणि पलीकडून “बरं” एवढंच उत्तर आलं.

मग टॉवरचा पाया आणि तिन्ही खुंटे ओतले. काँक्रीट मुरायला पाणी लागतं, सकाळ-संध्याकाळ. पायाला आणि अलीकडच्या दोन खुंट्यांना रामहरी बादलीनं पाणी घालायचा. तिसऱ्याला घालायचं तर रोज भावाच्या रानात जावं लागणार. पहिल्या दिवशी तो बादली घेऊन बांधापर्यंत गेला, तर खुंट्यावर ओलं पोतं टाकलेलं होतं आणि भोवतीनं मातीचं आळं करून त्यात पाणी भरलेलं होतं. दुसऱ्या दिवशीही तसंच. एकही दिवस पोतं वाळलेलं दिसलं नाही. रामहरीचे स्वतःचे दोन खुंटे मात्र एक दिवस कोरडे राहिले, कारण त्या दिवशी डाळिंबाचा व्यापारी आला होता. सारजानं छबूबाईला सांगितलं, “आमच्या म्हाताऱ्यानं नातवाला येवढं सांभाळलं न्हाय.” छबूबाईनं ते नवऱ्याला सांगितलं आणि नवरा उठून माडीवर निघून गेला.

त्या दिवसांत सकाळच्या बैठकीत रामहरी फारसा बोलत नसे. डॉक्टरांनी विचारलं, टॉवर कधी. तो म्हणाला, खुंटे मुरतायत. मग रेडिओ बंद करून तो खिडकीतून पलीकडच्या घासाकडं बघत बसे. टॉवर उभा राहिला की सांगलीला आवाज नीट जाणार होता, यात शंका नव्हती. पण ज्या दिवशी तो उभा राहील त्या दिवशी बांधावर जायला निमित्त उरणार नव्हतं. म्हस्कू शब्दाचा पक्का. खुंट्यापुरतं म्हणजे खुंट्यापुरतं. रामहरीला हे सारखं टोचत होतं.

टॉवर उभा करायचा दिवस उजाडला तो स्वच्छ आणि बिनवाऱ्याचा. रोहिणी पहाटेच्या गाडीनं बारामतीहून आली. विजेचे खांब उभे करणारी पाच-सहा माणसं लासुर्ण्याहून आली. कंबरेचे पट्टे, कप्पी, जाड दोर, पाने, सगळं तिनं एकेक तपासलं. एका गड्याच्या पट्ट्याची शिवण उसवलेली होती, त्याला तिनं खालीच ठेवलं. तो कुरकुरला, पण बाईनं ऐकलं नाही. छबूबाईनं टॉवरवरच्या गोधड्या काढल्या, पहिल्या तुकड्याला हळदीकुंकू वाहिलं आणि सारजाच्या हातून नारळ फोडून घेतला. एकावर एक तुकडे चढत गेले. गडी वर वर जाऊ लागले तशी खालची माणसं बोलायची कमी झाली. मधले तात्पुरते दोर बदलून पोलादी ताण लागले.

म्हस्कू सकाळपासून आपल्या घासात तिसऱ्या खुंट्याजवळ उभा होता. एक गडी त्या खुंट्याकडं जायला निघाला तर त्यानं हात आडवा केला. “माझ्या रानात कुणी शिरायचं न्हाय. काय आवळायचं त्ये मला दाखवा, मी आवळतो.” रोहिणी त्याच्याजवळ गेली, खाली वाकून पाया पडली आणि टर्नबकल दाखवलं. दोर आणि खुंटा यांच्या मध्ये बसवलेला तो फिरकीचा आकडा. त्यात सळई घालून एका अंगाला फिरवलं की दोर आवळतो, दुसऱ्या अंगाला फिरवलं की ढिला होतो.

“आबा, जोर लावायचा नाही. अण्णा सांगतील तेवढंच.”

“व्हय,” म्हस्कू म्हणाला. “आता त्याचंच ऐकायचं.”

दुपार कलली तेव्हा सगळे तुकडे वर गेले होते आणि खरं काम सुरू झालं. टॉवर सरळ आहे की नाही, ते बघायचं. रोहिणीनं टोकापासून मधोमध ओळंबा सोडला होता. पायाच्या पत्र्यावर मध्यभागी एक खिळा होता. ओळंब्याचं टोक बरोबर खिळ्यावर आलं की टॉवर सरळ. रामहरी जमिनीवर पालथा पडून ओळंब्याकडं बघायचा आणि ओरडायचा. डाळिंबातल्या खुंट्याला एक गडी, गोठ्यामागच्या खुंट्याला दुसरा, पलीकडं म्हस्कू. त्या दोघांचं लवकर झालं. राहिला तिसरा ताण.

“दादा, दोन फेरं आवळ.”

“आवळलं.”

“अजून एक.”

“घेतला.”

“लई झालं. अर्धा सोड.”

“सोडला. किती ऱ्हायलं?”

“बोटभर. पाव आवळ. सावकाश.”

असं चाललं होतं. गेल्या आठ-नऊ वर्षांत दोघं जेवढं बोलले नव्हते तेवढं एका तासात बोलले, आणि त्यात आवळ आणि सोड याखेरीज एक शब्द नव्हता. छबूबाई आणि सारजा गोठ्याच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. रामहरीच्या दाढीला माती लागली होती. त्याला उठावंसं वाटत नव्हतं.

ओळंबा हलायचा थांबला. त्याचं टोक खिळ्याच्या डोक्यावर येऊन बसलं होतं. रोहिणी वाकली, तिनं एका बाजूनं बघितलं, मग दुसऱ्या बाजूनं. काही सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात तिची नजर बापाच्या चेहऱ्याकडं गेली आणि ती तशीच थांबली. मग ती सरळ झाली आणि गड्यांना म्हणाली, “चला, तुम्ही चहा घ्या तोवर.” गडी गेले. तीही गेली.

“झालं का रं?” पलीकडून म्हस्कूनं विचारलं.

रामहरी ओळंब्याकडं बघत होता. झालं होतं. सुईच्या टोकाइतकीही चूक नव्हती. ‘बास’ म्हणायचं, की म्हस्कू सळई काढणार, खांद्यावरचं घोंगडं सावरणार आणि आपल्या शब्दाप्रमाणं घरी जाणार.

“न्हाय दादा,” तो म्हणाला. “अजून अर्धा फेरा आवळ.”

म्हस्कूनं आवळला.

ओळंबा खिळ्यावरून सरकला. “जास्त झालं. अर्धा सोड.”

म्हस्कूनं सोडला. ओळंबा परत आला.

“आता पाव आवळ.”

“हं.”

“पाव सोड.”

म्हस्कूनं सोडला, आणि मग तो थांबला. सळई तशीच आकड्यात होती. त्यानं वर टॉवरच्या टोकाकडं बघितलं, मग खाली पालथ्या पडलेल्या भावाकडं बघितलं.

“रामहरी,” तो म्हणाला, “अर्धा घेतला, अर्धा दिला. पाव घेतला, पाव दिला. हुतो तितंच हाय की रं मी.”

रामहरी ओळंब्याकडंच बघत राहिला, पण ओळंबा आता त्याला नीट दिसत नव्हता. घासात कुठंतरी गाय फुरफुरली.

पलीकडं म्हस्कूनं खांद्यावरचं घोंगडं काढलं, खुंट्याशेजारी अंथरलं आणि त्यावर नीट मांडी घालून बसला. सळई पुन्हा दोन्ही हातांत धरली.

“हं,” तो म्हणाला. “सांग. आता कुठला फेरा?”